लहान ट्रॅक्टरास साजेशी ट्रॉली

पऱ्हाटीचीं बोंडें फुटूं लागलीं म्हणजे यवतमाळ जिल्ह्यांतील कास्तकारापुढें दोन चिंता एकदम उभ्या राहतात. एक वेचणीच्या मजुरांची आणि दुसरी वेचलेला कापूस जिनापर्यंत नेण्याची. पहिलीचा विचार आज बाजूस ठेवून या लेखांत आम्ही दुसरीचाच विचार करणार आहों. आणि त्यांतहि विशेषेंकरून ज्यांच्या दारीं १५ ते २० अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आहे, किंवा लवकरच येणार आहे, अशा बंधुभगिनींसाठीं.

हा लहान ट्रॅक्टर गेल्या कांहीं वर्षांत आपल्या भागांत बराच रुळला आहे. कपाशीच्या व तुरीच्या दोन ओळींमधून तो जातो, डवरणीचें व फवारणीचें काम करितो, डिझेल बेतानें खातो, आणि मोठ्या ट्रॅक्टरच्या मानानें त्याचा हप्ताहि आवांक्यांतला असतो. बैलजोडीस वर्षभर लागणारा कडबा, ढेप आणि राखणारा माणूस यांचा खर्च ज्यास झेपत नाहीं त्यानें हा मार्ग धरला तर त्यास दोष देतां येणार नाहीं. परंतु ट्रॅक्टर दारांत आला कीं लागलाच ट्रॉलीचा प्रश्न येतो. आणि येथें मात्र पुष्कळांची निवड केवळ शेजाऱ्याच्या ट्रॉलीकडे पाहून होते. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा व दोन टनांच्या जवळपास वजनाचा असतो. आपला कसाबसा टनभर भरतो. ट्रॉली मात्र दोघांची सारखीच!

ट्रॉली घेणारा विचारतो, “माझा ट्रॅक्टर किती टन ओढील?” विकणारा सांगतो, “चार टन सहज ओढील.” हें उत्तर अगदींच खोटें नसतें. सपाट डांबरी रस्त्यावर, खालच्या गिअरांत, लहान ट्रॅक्टरहि पुष्कळ माल ओढून दाखवितो. परंतु विचारावयाचें होतें तें राहूनच गेलें. “माझा ट्रॅक्टर किती टन आवरील?” हा खरा प्रश्न आहे, आणि ट्रॉलीची निवड त्याच्याच उत्तरावर झाली पाहिजे, असें आमचें सांगणें आहे.

बंडीचा जुना हिशेब

आपल्या वडीलधाऱ्यांस हा प्रश्न नवा नव्हता. बंडी करावयाची झाली म्हणजे आधीं बैल पाहिले जात. वर्धा-नागपूरकडील गवळाऊ जातीची चपळ जोडी असली तर तिला हलकी दमणी शोभे. जड मालाची बंडी निराळी आणि तिचे बैलहि निराळे. बैलजोडी दिवसभर न थकतां आपल्या वजनाच्या साधारणपणें दहाव्या हिश्शाइतकी ओढ देऊं शकते. म्हणजे दोन्ही बैल मिळून ८०० किलोंचे असले तर ८० किलो. ही संख्या घरोघर कागदावर मांडलेली नव्हती, तरी बैलांच्या चालीवरून व श्वासावरून ती जाणत्यास कळत असे.

बंडी भरण्याचेंहि एक शास्त्र होतें. माल मागें जास्त झाला तर गाडी उलार होते, जूं वर उचललें जातें आणि गळ्यांतील पट्ट्यानें बैल गुदमरतो. माल पुढें जास्त झाला तर सारें ओझें बैलांच्या मानेवर येतें आणि खांदे सुजतात. म्हणून जाणता गडी गाडी भरतांना मधून मधून जूं हातानें उचलून पाही. तें थोडें जड लागावें, पण एका माणसास उचलेल इतकेंच जड असावें, एवढें त्याचें माप. पुढें जें सांगावयाचें आहे तें या जुन्या ज्ञानाचेंच नवें रूप होय. ट्रॉलीहि उलार होते, आणि ट्रॅक्टरासहि खांदा असतो. बैल अडून बसतो आणि धन्यास सावध करितो. ट्रॅक्टर तसें करीत नाहीं, म्हणून त्याचा हिशेब धन्यासच ठेवावा लागतो.

ओढणाऱ्याच्या बेताचेंच ओझें असावें याचें आणखी एक उदाहरण आपल्या जिल्ह्यांत आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही, लोकांच्या तोंडीं ‘शकुंतला’ म्हणून असलेली, अडीच फुटी रुळांची रेल्वे मुख्यतः वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठीं घातली गेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचें एंजिन होतें. आज तिची वाहतूक बंद आहे. परंतु ती चालत होती तोंवर अरुंद रूळ, लहान एंजिन आणि त्यास साजेसे लहान डबे हा मेळ कायम राहिला. मोठ्या रेल्वेचा डबा तिच्या एंजिनास जोडावा असें कोणाच्या मनांत आलें नाहीं. ट्रॅक्टरच्या बाबतींत मात्र तसें नित्य घडतें.

ओढणें निराळें, आवरणें निराळें

आंकड्यांवांचून हिशेब पटत नाहीं, म्हणून एक उदाहरण घेऊं. ट्रॅक्टरचें वजन १,००० किलो आहे असें समजा. त्यांतील ६०० किलो मागील दोन चाकांवर व ४०० किलो पुढील चाकांवर. अशा ट्रॅक्टरास ब्रेक मागील चाकांनाच असतो, आणि आपल्याकडील बहुतेक लहान ट्रॉल्यांना ब्रेक मुळींच नसतो. अर्थात् उतारावर ट्रॅक्टर, ट्रॉली व माल या सर्वांस धरून ठेवणारीं चाकें काय तीं दोनच.

दहास एक असा उतार, म्हणजे दहा फूट चालून गेल्यावर एक फूट खालीं नेणारा, पुसदभोवतालच्या डोंगरवाटांवर किंवा नाल्यांत उतरणाऱ्या पांदणींत सहज भेटतो. अशा उतारावर एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका जोर गाडीस सारखा खालीं लोटीत असतो. मुरूम-खडीच्या रस्त्यावर चाकाची पकड त्यावरील भाराच्या सुमारें निम्मी धरूं. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती याहून अधिक आणि ओल्या काळ्या मातीवर याहून पुष्कळच कमी असते.

आतां भरलेली ट्रॉली दीड टनाची आहे असें धरा. एकूण वजन अडीच टन झालें. लोटणारा जोर २५० किलो. माल नीट भरलेला असला तर ट्रॉलीचा कांहीं भार हुकावाटे ट्रॅक्टरवर येतो आणि मागील चाकांवर एकूण सुमारें ७७५ किलो होतात. हे कसे होतात तें पुढें सांगितलें आहे. त्याची निम्मी पकड सुमारें ३८५ किलो. लोटणारे २५०, धरणारे ३८५, शिल्लक १३५. गाडी बेतानें कां होईना, पण थांबेल.

त्याच ट्रॅक्टरमागें भरलेली चार टनांची ट्रॉली जोडा. एकूण पांच टन; लोटणारा जोर ५०० किलो. हुकावरील भार वाढल्यामुळें मागील चाकांवर हजारावर किलो येतील आणि पकड सुमारें ५३० किलो होईल. शिल्लक राहिले ३० किलो. पांच टनांचें धांवतें धूड तीस किलोंच्या जोरानें थांबवूं पाहणें म्हणजे न थांबविण्यासारखेंच होय. थोडी वाळू चाकाखालीं आली कीं तेवढी शिल्लकहि गेली. चढतांना याच ट्रॅक्टरनें धूर ओकीत कां होईना पण तो माल वर आणलेला असतो, म्हणून धन्याचा त्यावर विश्वास बसतो. आणि उतरतांना तोच विश्वास घात करितो.

ट्रॉली लोटूं लागली म्हणजे ती ट्रॅक्टरास सरळच लोटील असेंहि नाहीं. वळणावर ती तिरपी रेटते, ट्रॅक्टरचें मागील अंग बाजूस सरकतें, आणि ट्रॅक्टर ट्रॉलीवर दुमडला जाऊन उलटतो. म्हणून उतारावर क्लच दाबून किंवा गिअर काढून गाडी कधींहि सोडूं नये. ज्या गिअरांत चढ चढावा त्याच गिअरांत उतार उतरावा. ब्रेकचे दोन्ही पायडल रस्त्यावर नेहमीं एकमेकांस अडकवून ठेवावे. शेतांत वळतांना एकाच चाकाचा ब्रेक उपयोगी पडतो, पण रस्त्यावर तोच ट्रॅक्टरास आडवा करितो.

ज्यास स्वतःचा ब्रेक नाहीं असें ओढावयाचें वाहन, मालासुद्धां, ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीहून जड नसावें, असा एक नियम परदेशांतील ट्रॅक्टरांच्या माहितीपुस्तकांतून सांगितलेला आढळतो. आमच्या वरील हिशेबाशीं तो जुळतो. टनभर वजनाच्या ट्रॅक्टरास, ब्रेक नसलेल्या ट्रॉलीची मर्यादा मालासकट दीड टन, हें माप आम्ही वाचकांपुढें ठेवितों. जेथें घाट आहेत तेथें त्याच्याहि आंतच राहावें.

हुकावरील भार

ट्रॉली दोन चाकांची असावी कीं चार चाकांची? चार चाकांची ट्रॉली आपला सारा भार आपणच वाहते. ती ट्रॅक्टरच्या पाठीवर कांहीं टाकीत नाहीं, म्हणून दिसावयास ती दयाळू वाटते. परंतु त्याच कारणानें ती मागील चाकांची पकडहि वाढवीत नाहीं, आणि तिचें मोकळें वजन अधिक असतें. लहान ट्रॅक्टरास दोन चाकीच बरी. मात्र दोन चाकी ट्रॉलीचा कांहीं भार ट्रॅक्टरवर बसतो. तो किती बसावा हें पाहिलें पाहिजे.

हा प्रश्न जगांत इतरत्रहि पडतो. अमेरिकेंत कुटुंबासह प्रवास करणारे लोक चाकांवरचें घर पिकअप मोटारीस जोडून नेतात. त्यांतील एका प्रकारच्या जोडणीस पांचवें चाक असें नांव आहे. ही जोडणी मोटारीच्या शेपटास नसून मागील आंसाच्या वर, हौद्यांतच असते, आणि घराच्या एकूण वजनाचा साधारणपणें १५ ते २५ टक्के भाग मोटारीच्या पाठीवर बसतो. अर्ध्या टनाची म्हणून ओळखली जाणारी हलकी मोटार तें घर ओढूं शकते. परंतु पुष्कळदां ओढण्याची मर्यादा यावयाच्या आधींच पाठीवर घेण्याची मर्यादा संपते. म्हणून तेथील जाणते लोक सांगतात कीं घर निवडतांना आधीं पाठीवरचा भार मोजावा. देश निराळा, वाहन निराळें. हिशेब आपल्या बंडीचाच आहे.

ट्रॉलीचा हिशेब असा. हुकापासून ट्रॉलीच्या आंसापर्यंत, ज्यास आपले फिटर एक्सल म्हणतात तेथपर्यंत, ९ फूट म्हणजे १०८ इंच अंतर आहे असें समजा. माल व ट्रॉली यांच्या एकूण वजनाचा मध्य आंसाच्या ९ इंच पुढें पडत असेल तर ९ भागिले १०८, म्हणजे बारावा हिस्सा हुकावर येतो. दीड टनाच्या ट्रॉलीचा हा हिस्सा १२५ किलो. हूक ट्रॅक्टरच्या मागील चाकांच्याहि दोनएक फूट मागें असल्यामुळें तरफेप्रमाणें पुढील चाकांवरील ५० किलो आणखी मागें येतात. अशा रीतीनें मागील ६०० किलोंचे ७७५ होतात. पुढें ३५० राहतात. स्टिअरिंग नीट चालतें आणि मागील पकड वाढते. हा भार चांगला.

आतां माल पुढच्या फाळक्याशीं रचला आणि वजनाचा मध्य आंसाच्या २७ इंच पुढें गेला. हुकावर चौथा हिस्सा, म्हणजे ३७५ किलो आले. पुढील चाकांवरून सुमारें १५० किलो उचलले गेले. चारशेंचे अडीचशें राहिले. चढावर ते आणखी कमी होतात, नाक उचलूं लागतें आणि चाक वळविलें तरी ट्रॅक्टर वळत नाहीं.

याच्या उलट, माल मागें सरकला आणि मध्य आंसाच्या ९ इंच मागें गेला तर ट्रॉली उलार झाली. ती हूक १२५ किलोंनीं वर उचलते. मागील चाकांवर ६०० ऐवजीं सव्वाचारशेंच किलो राहतात आणि पकड सुमारें २१० किलोंवर येते. वरच्या उतारावर लोटणारा जोर तर २५० किलो आहे! म्हणजे तीच ट्रॉली, तोच ट्रॅक्टर, तेवढाच माल. केवळ तो दीड फूट मागें भरल्यामुळें गाडी आवरेनाशी झाली. ट्रॉली हलकी घेतली म्हणून भरणाऱ्याचें काम संपत नाहीं.

दांडा नेहमीं ट्रॅक्टरच्या खालच्या हुकासच जोडावा. उंचावर, वरच्या सांध्यास किंवा दुसऱ्या एखाद्या भागास सांखळी बांधून ओढूं नये. ओढ मागील आंसाच्या वरून लागली कीं ट्रॅक्टर मागील चाकांवर उभा राहून चालकावर उलटतो. हूक व पिन यांची झीज पाहत जावी, आणि पिन निघूं नये म्हणून तिला खीळ घालावी.

मोकळ्या ट्रॉलीचें वजन

मालासकट दीड टन हें माप एकदां मान्य केलें म्हणजे हलक्या ट्रॉलीचें महत्त्व आपोआप ध्यानांत येतें. जाड चॅनेल, जाड पत्रा व मालमोटारीचा जुना आंस घालून केलेली ट्रॉली मोकळीच एक टनाची भरली, तर मालास ५०० किलो उरतात. तीच ५०० किलोंत बसविली तर मालास १,००० किलो मिळतात. म्हणजे ट्रॉली निम्म्यानें हलकी झाली कीं माल दुप्पट झाला. शिवाय परततांना मोकळी ट्रॉलीच ओढावयाची असते. तेव्हां जड लोखंडासाठीं जाळलेलें डिझेल फुकटच जातें.

“पत्रा पातळ असला तर ट्रॉली टिकेल काय?” असें कोणी विचारील. ट्रॉलीचें बळ पत्र्याच्या जाडीपेक्षां चौकटीच्या बांधणींत असतें. आडव्या पट्ट्या जवळ जवळ असाव्या, दांडा दोन बाजूंनीं तिकोनी आकारांत चौकटीस मिळालेला असावा, आणि सांधे सर्व बाजूंनीं भरून वितळविलेले असावे. एवढें केलें तर लहान ओझ्यास तीन मिलिमीटर पत्रा पुरेसा होतो. बांधणी करणाऱ्यास “मजबूत कर” एवढेंच सांगितलें तर तो लोखंड वाढवितो, कारण त्याची मजुरी व नफा लोखंडाबरोबर वाढतात. त्यास वजनाची मर्यादा आधीं सांगावी आणि ती पावतीवर लिहून घ्यावी.

मागें उपसून माल ओतणारी, जॅक लावलेली ट्रॉली सोयीची खरी. परंतु जॅक व दुहेरी चौकट यांचें वजन मालांतून वजा होतें. शेणखत मोठ्या प्रमाणावर नेणें नसेल तर लहान ट्रॅक्टरास साधी ट्रॉली पुरे. जॅकची घेतलीच तर ती सपाट जागींच उचलावी. कारण हौदा वर जातांना भार मागें सरकतो आणि ट्रॉली उलार होते.

कोणता माल किती

आपल्या जिल्ह्याचे मुख्य माल म्हणजे कापूस, सोयाबीन व तूर. यांचें आकारमान व वजन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बहुतेक ट्रॉल्या तो ध्यानांत न घेतां केलेल्या असतात. पायानें तुडवून भरलेला कापूस घनमीटरास सुमारें १२० ते १५० किलो भरतो. सोयाबीन सुमारें ७०० किलोंच्या वर. कोरडी वाळू १,५०० ते १,६०० किलो. पावसानें भिजलेलें शेणखत सोयाबीनहूनहि भारी भरूं शकतें.

हौदा ९ फूट लांब व साडेपांच फूट रुंद आणि फाळके एक फूट उंच आहेत असें समजा. फाळक्यांइतकें सोयाबीन भरलें तर एक टन होतें. आपली मर्यादा तेथेंच पुरी झाली. तोच हौदा वाळूनें भरला तर सव्वादोन टनांच्या जवळ जातो. म्हणून पक्के फाळके एक फुटाहून उंच करूं नयेत. उंच फाळका हें अधिक भरण्याचें आमंत्रणच आहे, आणि तें आमंत्रण हंगामाच्या घाईंत कोणी नाकारीत नाहीं. कापसासाठीं तीन फूट उंचीच्या काढत्या-घालत्या जाळीच्या बाजू कराव्या. एकूण चार फूट उंचींत तुडविलेला कापूस साधारण सात ते साडेआठ क्विंटल मावतो आणि ओझें मर्यादेच्या आंत राहतें. कापूस हलका म्हणून डोंगराएवढा रचण्याचा मोह होतो. परंतु उंच रचलेली अरुंद ट्रॉली रस्त्याची एक बाजू खचली कीं कलंडते. ट्रॉली रुंद व बुटकी असावी, आणि दोन चाकांमधील अंतर हौद्याच्या रुंदीच्या मानानें कमी नसावें.

आंस हौद्याच्या मध्याहून नऊएक इंच मागें असावा, म्हणजे माल सारखा पसरला असतां वर सांगितलेला भार हुकावर आपोआप येतो. पोतीं रचतांना पहिला थर आंसाच्या दोन्ही बाजूंस सारखा घालावा आणि एखादें पोतें पुढच्या अंगास अधिक ठेवावें.

वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या कांठच्या भारी काळ्या जमिनींत आणखी एक गोष्ट पाळावी लागते. चांगल्या डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढावयास तिच्या वजनाचे दोन-तीन टक्के जोर पुरतो; ओल्या काळ्या मातींत १५ ते २० टक्के लागूं शकतो. दीड टनास हा जोर २२५ ते ३०० किलो झाला, आणि त्या चिखलांत चाकांची पकडच तेवढी नसते. चाकें जागींच फिरूं लागलीं म्हणजे ट्रॅक्टर पोटापर्यंत रुततो. तेव्हां शेतांतून ट्रॉली अर्धी भरून काढावी आणि पक्क्या रस्त्यावर आल्यावर पुरी करावी. एक खेप वाढते, परंतु क्लच वांचतो आणि ज्या मातींत पुढें हरभरा पेरावयाचा ती तुडविली जात नाहीं.

काट्यावरची परीक्षा

ट्रॉलीचें वजन विकणाऱ्याच्या शब्दावर घेऊं नये. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, राळेगांव, घाटंजी वगैरे कापसाच्या बाजारगांवीं जिनांपाशीं मोठे वजनकाटे असतात. नवी ट्रॉली घरीं नेण्यापूर्वीं तीन वजनें करावीं. पहिलें, एकट्या ट्रॅक्टरचें. दुसरें, ट्रॅक्टर व मोकळी ट्रॉली मिळून. दोहोंची वजाबाकी म्हणजे मोकळ्या ट्रॉलीचें वजन. तिसरें वजन पहिल्या भरलेल्या खेपेच्या दिवशीं करावें: ट्रॉली जोडलेलीच ठेवून तिचीं चाकें काट्याबाहेर आणि ट्रॅक्टर तेवढा काट्यावर उभा करावा. यांतून एकट्या ट्रॅक्टरचें वजन वजा केलें म्हणजे हुकावर किती भार पडतो तें कळतें. काट्याची व बाहेरची जमीन सारख्या पातळींत असावी, नाहींतर वजन चुकतें. हीं तीन वजनें ट्रॉलीच्या फाळक्यावर आंतून रंगानें लिहून ठेवावीं. घरांतील मुलगा किंवा सालदार ट्रॅक्टर नेईल तेव्हां तीं त्याच्याहि डोळ्यांपुढें राहतील.

घासाघीस करतांना शे-दोनशें रुपये कमी करून घेण्यापेक्षां पुढील गोष्टींचा आग्रह धरावा. टायर एकाच मापाचे व न चिरलेले असावे. चाकांतील बेअरिंग मोकळें फिरावें. मागें लाल परावर्तक असावे. टायरच्या क्षमतेचें माप त्यावरच छापलेलें असतें. तें भरलेल्या ट्रॉलीच्या निम्म्या वजनाहून कमी नसावें. ट्रॉलीस ब्रेक लावून मिळत असला तर थोडा खर्च सोसूनहि तो घ्यावा. तो लागला म्हणजे उतारावर सारें ओझें ट्रॅक्टरच्या दोन चाकांवर राहत नाहीं. रात्रीं विनादिव्याची ट्रॉली रस्त्याच्या कडेस उभी करूं नये. नागपूरहून पांढरकवड्यावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या हमरस्त्यावर, किंवा वणीकडील कोळशाच्या मालमोटारींच्या रस्त्यांवर, मागून येणारें वाहन कोणत्या वेगानें येतें हें सर्वांस माहीत आहे.

भाड्याचा मोह आणि माणसांचा भार

“मोठी ट्रॉली घेतली तर वर्षभर वाळू, विटा, गिट्टी यांचें भाडें मिळेल आणि हप्ता त्यांतून फिटेल,” हा विचार अनेकांच्या मनांत असतो. शेतीच्या उत्पन्नावर हप्ता फेडणें किती कठीण झालें आहे हें आम्हांस ठाऊक आहे, म्हणून या विचारास हंसण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु त्याचाहि हिशेब करून पाहावा. १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरनें रोज चार टन ओढले तर क्लच, ब्रेक, मागील आंस व टायर अकालीं झिजतात. आणि ऐन डवरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर दुरुस्तीस पडला म्हणजे भाड्याच्या कमाईहून तणानें केलेलें नुकसान मोठें ठरतें. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें वाहनाची नोंदणी ज्या उपयोगासाठीं झालेली असते त्याबाहेर तें चालविणें अडचणीचें होतें, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई नाकारली जाण्याचा संभव असतो. कर्ज फिटावें म्हणून घेतलेली ट्रॉली अशा रीतीनें नवें कर्ज उभें करिते.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वेचणीच्या दिवसांत सकाळीं मजूर बायांस शेतावर नेण्यासाठीं आणि संध्याकाळीं कापसाच्या ढिगावर बसवून घरीं आणण्यासाठीं हीच ट्रॉली वापरली जाते. लग्नाचें वऱ्हाड व यात्रेकरू तींतूनच जातात. माल नेण्याच्या ट्रॉलींत माणसें बसविण्यास कायद्याची मान्यता नाहीं, हें पुष्कळांस माहीत असूनहि तसें घडतें, कारण दुसरें साधन परवडत नाहीं. परंतु वर केलेला हिशेब येथें पुन्हां वाचावा. माणसें कापसाप्रमाणें एका जागीं राहत नाहींत. तीं उतरण्याच्या तयारीनें सारीं मागच्या फाळक्याशीं गोळा होतात आणि ट्रॉली उलार होते. वळणावर सारीं एका बाजूस झुकतात. कापसाचा ढीग कलंडला तर तो पुन्हां भरतां येतो. ट्रॉलीखालीं सांपडलेल्या बाईच्या घरीं चूल पेटवणारें दुसरें कोणी असेलच असें नाहीं. मजुरांस नेणें भागच असेल तर प्रवासी वाहन सांगावें आणि त्याचा खर्च सर्वांनीं वांटून घ्यावा. एका गांवच्या चार-पांच कास्तकारांनीं मिळून असें वाहन हंगामापुरतें ठरविल्यास तो बोजा एकावर पडत नाहीं.

यंदा ट्रॉली घेऊं इच्छिणाऱ्यांनीं आधीं आपल्या ट्रॅक्टरचें वजन काट्यावर करून घ्यावें, त्याची दीडपट काढावी, आणि त्या संख्येच्या आंत मोकळी ट्रॉली व माल ही दोन्ही बसतील अशी हलकी, रुंद, बुटकी ट्रॉली बांधून घ्यावी. ज्यांच्याकडे जड ट्रॉली आधींच आहे त्यांनीं ती मोडींत घालण्याची गरज नाहीं. तिचें मोकळें वजन दीडपटींतून वजा करून उरेल तेवढाच माल तींत भरावा, आणि हौद्याच्या आंतील बाजूस तेवढ्या उंचीवर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. सोयाबीनची रेघ निराळी आणि शेणखताची निराळी. त्या रेघेच्या वर माल जाऊं न देणें हें ज्याच्या त्याच्या हातीं आहे.